दाराजवळचा पूल आणि बाकीची मिळकत

मी खाली सही करणारा, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा पूर्वी लिफ्ट-दुरुस्ती आणि हल्ली घरात लुडबुड, आज राजीखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉक्टरांनी दिला आहे, बायकोने दिलेला नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. मुलगी महिनाभर “बाबा, लिहा, लिहा” म्हणून मागे लागली होती, पण तिचे ऐकण्याची मला सवय असल्यामुळे त्याला दबाव म्हणता येणार नाही.

लिहिण्याचे कारण असे की माझ्या हृदयाची एक झडप नीट मिटत नाही. येत्या गुरुवारी ती बदलणार आहेत. एकोणचाळीस वर्षे मी लोकांची न मिटणारी दारे मिटवली, आणि शेवटी माझेच दार अडकले. डॉक्टर म्हणाले, “घाबरायचं काही नाही, आजकाल सर्रास होतं.” मीसुद्धा अडकलेल्या लिफ्टमधल्या माणसांना बाहेरून हेच ओरडून सांगत असे, त्यामुळे या वाक्याची खरी किंमत मला ठाऊक आहे. म्हणून लिहितो.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. कुठे सापडलेच तर ते माझ्या अक्षरातले नसणार, कारण माझे अक्षर दुसऱ्या कोणाला जमणार नाही.

कलम १. राहते घर, म्हणजे खालच्या तीन खोल्या, वरची एक खोली, गच्ची आणि जिन्याखालची अडगळ, माझ्या पश्चात माझ्या पत्नीचे. तसे ते आजही तिचेच आहे. मी फक्त बल्ब बदलतो.

कलम २. बँकेत जे काही आहे ते पत्नीचे, तिच्यानंतर मुलीचे. यावर जास्त लिहिण्यासारखे काही नाही, हे बँकेलाही माहीत आहे.

कलम ३. माझी हत्यारे मुलीला. ती दातांची डॉक्टर आहे. लहानपणी माझ्या पेटीतल्या पकडी हाताळून हाताळूनच ती या धंद्याला लागली, असे मी मानतो. ती मानत नाही. पेटीतला मोठा पाना तिने दवाखान्यात ठेवू नये, पेशंट पळून जातील.

कलम ४. निवृत्तीच्या दिवशी कंपनीने दिलेले भिंतीवरचे घड्याळ शेजारच्या निवृत्त हेडमास्तरांना द्यावे. ते रोज वीस मिनिटे मागे पडते. हेडमास्तर गेली कित्येक वर्षे माझ्या रेल्वेला “तुमची ती खेळणी” म्हणतात आणि दुपारी शिट्टी वाजली की भिंत ठोकतात. घड्याळासोबत ती शिट्टीही द्यावी. वाजवून बघतील. सगळे वाजवून बघतात.

कलम ५. आता रेल्वे.

वरच्या खोलीच्या चारही भिंतींना लागून, छातीइतक्या उंचीवर, मी सतरा वर्षे खपून एक छोटी रेल्वे उभारली आहे. दोन स्टेशने, एक बोगदा, मालधक्का, गाडीचा मार्ग बदलणारे बारा सांधे आणि एक गाव. त्या गावात चाळीस माणसे आहेत. चाळीसही जणांना मी स्वतः कपडे रंगवले आहेत, आणि त्यांतला एकही लिफ्टमध्ये अडकलेला नाही. गाडी चारही भिंतींवरून फिरून जिथून निघाली तिथे परत यावी, ही मूळ कल्पना. अडचण एकच होती. खोलीला दार आहे, आणि रूळ दारावरूनच जायचे.

सुरुवातीला मी दारासमोर कायमची फळी टाकली. आत जायचे तर खालून वाकून जायचे. मला त्याचे काही वाटत नव्हते, मी उभा जन्म लिफ्टच्या खड्ड्यात वाकून काढला. पण चहा घेऊन येणाऱ्या बायकोला वाटत होते. दोन वर्षे ती कपबशी सांभाळत फळीखालून आली. मग एके दिवशी तिचा गुडघा बोलला आणि ती दारातच उभी राहिली.

“अहो, आत यायचं म्हणजे रोज तुमच्या गाडीला दंडवत घालायचा का? चहा हवा असेल तर बाहेर या.”

“दोन मिनिटांत येतो.”

“तुमची दोन मिनिटं मला माहीत आहेत. चहा खाली घेऊन जाते.”

तेव्हापासून मी एकटा आत आणि ती बाहेर. ती दारातून गाडी बघायची, पण दारातून अर्धीच खोली दिसते. बोगदा तर अजिबात दिसत नाही, आणि बोगद्यातून बाहेर येणारे इंजिन तिला फार आवडायचे. ते काळे इंजिन तिनेच मला दिले आहे, तिच्या नोकरीतल्या शेवटच्या महिन्यात. म्हणून मी ठरवले की दारासमोरचा तुकडा उचलता करायचा. बायकोने तो एका हाताने काढावा, सरळ ताठ आत यावे, पुन्हा बसवावा आणि गाडी बघावी. एवढेच होते. त्यावरून अकरा वर्षे दोन माणसांत अबोला राहील असे तेव्हा कोणी म्हटले असते तर मी त्याला डॉक्टरकडे पाठवले असते.

कलम ६. पूल.

हे काम मी माझ्या मेहुण्याकडे, म्हणजे पत्नीच्या धाकट्या भावाकडे दिले. तो फर्निचर करणारा सुतार आहे. त्याला सगळे ‘मिलिमीटर’ म्हणतात, कारण तो कोणालाही एक मिलिमीटर सोडत नाही. लग्नाच्या पंगतीतही त्याने पाने सरळ रेषेत मांडली आहेत की नाहीत ते एक डोळा मिटून बघितले होते.

पहिला पूल आम्ही बिजागरीवर केला. वर उचलला की दाराच्या चौकटीला आपटायचा, आणि बिजागरी रुळाच्या वर डोके काढायची. तो निकालात काढला. दुसऱ्यांदा नुसती फळी दोन खाचांत टेकवली. ती दर वेळी वेगळ्याच जागी बसायची. तिसऱ्यांदा मिलिमीटरने डोके चालवले. पुलाची दोन्ही टोके त्याने तिरपी कापली, वर रुंद आणि खाली निमुळती. वरून सोडला की बाटलीत बूच बसावे तसा पूल आपसूक आपल्या जागी बसायचा. वर दोन पितळी खुंट्या, म्हणजे इकडेतिकडे हलायला नको. मग अख्ख्या पुलावरून सलग रूळ टाकले, दोन्ही कडांना पितळी स्क्रूंना सोल्डर केले, आणि शेवटी केसाएवढ्या पात्याच्या करवतीने ते कापले. असे केले की कापलेली टोके एकमेकांसमोरच येतात. त्याने कापताना मला बोलू दिले नव्हते. श्वासही बाहेर जाऊन घ्या म्हणाला.

माझी भर दोन गोष्टींची. पूल उचलला की दोन्ही बाजूंच्या हातभर रुळांची वीज तुटते, म्हणजे गाडी खड्ड्यात पडायची भीती नाही. दार उघडे असताना लिफ्ट हलत नाही, तोच हा न्याय. आणि दुसरी भर, पूल जिथे टेकतो तिथे खाली चार स्प्रिंगा. प्रत्येक लिफ्टच्या खड्ड्यात तळाशी बफर, म्हणजे धक्का झेलणारी स्प्रिंग, असतो. खाली काही उतरणार असेल तर त्याखाली बफर हवा, हे माझ्या हातात इतके मुरले आहे की चहाच्या कपाखालीही मी बशी न ठेवता स्प्रिंग ठेवेन. मिलिमीटर म्हणाला होता, “भावोजी, हे कशाला? लाकूड लाकडावर बसू दे.” मी म्हणालो, “तू सुतार आहेस, सुतारकाम कर.” हे वाक्य मी इथे मुद्दाम लिहून ठेवत आहे.

शोभेला मी पुलावर प्लास्टरची एक टेकडीही केली. टेकडीसकट पूल सुरेख बसला.

मग माझ्या निवृत्तीचा दिवस आला. खात्यातली मंडळी, साहेब, शेजारी, सगळे वरच्या खोलीत दाटीवाटीने उभे. मी काळे इंजिन सोडले. बोगद्यातून बाहेर आले, स्टेशन ओलांडले, दाराकडे आले, आणि पुलाच्या कडेला अडखळून साडेचार फुटांवरून थेट फरशीवर गेले. धुराडे तुटून हेडमास्तरांच्या चपलेखाली आले.

मी वाकून बघितले. पूल दोन मिलिमीटर वर होता. आमच्या धंद्यात याला पायरी म्हणतात. लिफ्ट मजल्याला बरोबर लागली नाही की पायरी पडते आणि माणूस ठेचकाळतो. तिरप्या टोकाचे लाकूड दमटपणाने फुगले की ते वरच अडकते, हे कोणीही सांगेल. मी चारचौघांत सांगितले.

“तुझं लाकूड फुगलं.”

मिलिमीटर हळूच म्हणाला, “माझं लाकूड फुगत नाही, भावोजी. फुगलं असेल तर दुसरं काहीतरी.”

सगळे हसले. साहेबसुद्धा हसले. माझ्याच निवृत्तीला. मी जे बोललो ते इथे लिहिणार नाही, कारण हे मृत्युपत्र पुढे मुलीच्या मुलांच्याही हाती पडेल. त्याने पिशवी उचलली आणि तो जिना उतरला. पूल मी भिंतीवर खिळ्याला टांगला. त्या दिवसापासून गाडी दाराच्या हातभर अलीकडे येते, थांबते आणि उलटी जाते. पूल नसल्यामुळे दारात काही आडवे नाही, बायको ताठ मानेने आत येते, स्टुलावर बसते आणि चहा पिते. तिची सोय झाली, गाडीची तेवढी गैरसोय. असे मी स्वतःला अकरा वर्षे सांगत आलो.

कलम ७. त्या दिवशी मिलिमीटर आपला रंधा इथेच विसरून गेला. हा रंधा त्याला त्याच्या गुरूने दिलेला आहे. त्याच्याशिवाय त्याचे अडले असणार, पण तो मागायला आला नाही आणि मी द्यायला गेलो नाही. मी दर दोन महिन्यांनी पाते काढतो, पुसतो, तेल लावतो आणि फडक्यात गुंडाळून ठेवतो. माझ्या मृत्यूनंतर हा रंधा त्याला परत करावा. बाकी त्याला काही देऊ नये.

हे कलम मी बायकोला वाचून दाखवले. ती तीस वर्षे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती, मध्येच बोलणे तिच्या अंगात नाही. पूर्ण ऐकून घेतले आणि म्हणाली, “मेल्यावर कशाला? दोन गल्ल्या सोडून राहतो तो.”

मी म्हणालो, “कायद्याच्या भाषेत असंच लिहितात.”

“बरं,” ती म्हणाली, आणि खाली गेली. तिचे ‘बरं’ हे जगातले सर्वांत लांबलचक भाषण आहे.

(इथून पुढचे तीन दिवसांनी लिहिले आहे. वकीलबाई म्हणाल्या, सगळे फाडून स्वच्छ प्रत लिहा. मी लिहिणार नाही. जे झाले ते ज्या क्रमाने झाले त्याच क्रमाने राहू दे.)

कलम ८. वकीलबाईंनी कलम ५ वाचून विचारले, “रेल्वे म्हणजे नेमकं काय काय? प्रत्येक वस्तूचं वर्णन, माप, वजन लिहा. उद्या कोणी म्हणेल हा पूल त्यातला नाही.” म्हणून मी यादी करायला बसलो. खिळ्यावरून पूल काढला, धूळ झटकली आणि प्रवासाचे सामान तोलायच्या काट्याला अडकवला. तीन किलो आठशे.

माझ्या जुन्या वहीत टेकडीसकट पूल पुरा झाला तेव्हाचे वजन लिहिलेले आहे. सहा किलो शंभर.

काटा बिघडला असे वाटून मी पुन्हा तोलले. तितकेच. लाकूड वाळून सव्वादोन किलो हलके होत नाही. मग मी पूल उलटा केला, टेकडीवर टकटक केले, आणि आवाज पोकळ आला. टेकडी प्लास्टरची नव्हती. थर्माकोलची होती.

ती मीच बदलली होती. निवृत्तीच्या आदल्या दुपारी बायकोने पूल उचलून बघितला होता आणि म्हणाली होती, “अहो, हा पूल आहे की कपाट?” तिला एका हाताने उचलता यावा म्हणून मी प्लास्टर खरवडून काढले, थर्माकोल लावला, वरून तोच रंग दिला. रंग ओला म्हणून पूल दुसऱ्या दिवशी पाहुणे यायच्या तोंडावर बसवला. कोणाला सांगितले नाही, कारण सांगण्यासारखे काही वाटलेच नाही. आणि स्प्रिंगा मात्र सहा किलोच्या मापाच्या, तशाच खाली होत्या.

वर भार कमी झाला की स्प्रिंग वर ढकलते. हे मी नव्या पोरांना पहिल्याच दिवशी शिकवत असे. एकोणचाळीस वर्षे शिकवले.

मी पूल दारात बसवला. दोन मिलिमीटर वर. एक बोट ठेवून दाबले. खाली गेला, आणि रुळाला रूळ असा लागला की नख फिरवले तर सांधा कळेना. अकरा वर्षांनी. लाकूड कणभर फुगले नव्हते की आकसले नव्हते. मी बोट काढले, पूल वर आला. मी दाबत राहिलो आणि सोडत राहिलो, आणि खरे सांगतो, मला रडू आले. बायको वर आली, तिने माझ्या बोटाकडे बघितले, टेकडीकडे बघितले. खाली जाऊन फोन घेऊन आली. नंबर न बघता फिरवला. दर रविवारी ती भावाशी बोलते आणि मी शेजारच्या खोलीत पेपर उलटा धरून वाचतो, हे दोघांनाही माहीत आहे. तिने फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, “लाइन जोडली आहे. बोला.”

“मी बोलतोय,” मी म्हणालो.

त्याने विचारले, “कोण गेलं?”

“कोणी गेलं नाही. पुलाचं वजन केलं.”

“किती भरलं?”

“तीन आठशे.”

“सहा शंभर होतं.” त्याच्याकडे वही नाही. त्याला पाठ होते.

“टेकडी मी बदलली होती. आदल्या दुपारी. थर्माकोल लावला.”

“आणि स्प्रिंगा?”

“तशाच.”

पलीकडून आवाज आला तो आधी खोकल्यासारखा होता. मग कळले, हसतोय. “अहो भावोजी, तुम्ही लिफ्टवाले ना हो?”

“चूक माझी होती,” मी म्हणालो. “तुझं लाकूड निर्दोष आहे.”

“हे तुम्ही आता फोनवर म्हणताय. ते चारचौघांत म्हणाला होतात.”

“मग हेही चारचौघांत म्हणतो. सोमवारी मृत्युपत्रावर सह्या आहेत. ये.”

“मृत्युपत्र? कसलं मृत्युपत्र?” आता तो हसत नव्हता. बायकोने त्याला झडपेचे सांगितले नव्हते. मी सांगू नको म्हटले होते. इतकी वर्षे लाइन जोडणारी बाई, पण एक शब्दही इकडचा तिकडे करत नाही.

“गुरुवारी ऑपरेशन आहे.”

“पाच मिनिटांत येतो,” तो म्हणाला. चार मिनिटांत आला. दम लागला होता. माझ्याकडे बघितलेच नाही. थेट पुलाकडे गेला, एक डोळा मिटला, आणि म्हणाला, “पेचकस द्या.” चार स्प्रिंगा काढून त्याने माझ्या तळहातावर ठेवल्या. “लाकूड लाकडावर बसू दे.” मग पूल बसवला. पायरी गेली. सगळे मिळून चार स्क्रूंचे काम होते.

मी फडक्यातला रंधा त्याच्यापुढे धरला. त्याने पाते अंगठ्यावर घासून बघितले आणि विचारले, “तेल कोणी लावलं?” मी छताकडे बघत राहिलो. मग त्याने मला धरले, आणि त्या दारात उभे राहून दोघाही म्हाताऱ्यांना रडू आवरेना. बायको म्हणाली, “बाजूला व्हा, मला आत जायचंय,” आणि तिने एका हाताने पूल उचलला.

कलम ९. कलम ७ रद्द. रंधा मालकाकडे पोचला आहे.

कलम १०. रेल्वे माझ्या पश्चात पत्नीची. तिच्यानंतर ती मिलिमीटरची करावी असे माझ्या मनात होते. पण वकीलबाई म्हणाल्या, ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नये. दोन्हींपैकी एकच. मी त्याला विचारले.

तो म्हणाला, “तुमची रेल्वे घेऊन ठेवू कुठे? माझ्या घरात माणसं राहतात. मी सही करतो. तुम्ही खरं बोललात याला साक्षीदार मीच हवा.”

म्हणून रेल्वे पत्नीनंतर मुलीची. तिने ती मोडू नये. तिने काळ्या इंजिनाचे धुराडे दातात भरतात तो मसाला भरून बसवून दिले आहे आणि ते मूळच्यापेक्षा पक्के आहे, त्यामुळे मला काळजी नाही. मात्र मिलिमीटरला हयातभर केव्हाही वर येऊन गाडी चालवता यावी आणि त्याला चहा मिळावा. हे मिळकतीत मोडते का, असे मी वकीलबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, “चहा मोडत नाही.”

कलम ११. कबुलीजबाब. माझ्या निवृत्तीच्या दिवशी पूल वर राहिला तो माझ्या स्प्रिंगांमुळे आणि माझ्या टेकडीमुळे. लाकडाचा व ते कापणाऱ्याचा काडीचाही दोष नव्हता. त्या दिवशी मी जे बोललो ते खोटे आणि हलकट होते. त्याबद्दल मी माफी मागतो. हे कलम मी आज पत्नी, मुलगी, डॉक्टर आणि वकीलबाई अशा चौघांसमोर उभे राहून मोठ्याने वाचले. हेडमास्तरांनी भिंत ठोकली, म्हणजे त्यांनीही ऐकले.

वाचून झाल्यावर काळे इंजिन सोडले. बोगद्यातून आले, स्टेशन ओलांडले, दाराकडे आले. मिलिमीटरने एक डोळा मिटला. ते पुलावरून गेले, जणू तिथे काही नव्हतेच, आणि पूर्ण फेरी मारून परत आले. बायको आतल्या बाजूला स्टुलावर बसली होती. म्हणाली, “पुन्हा.” सह्यांना त्यामुळे तासभर उशीर झाला आहे.

वर लिहिलेले सर्व मी वाचले, समजले आणि मला मान्य आहे.

ठिकाण: वरची खोली, पुलाच्या आतली बाजू.
दिनांक: ९ मार्च, सोमवार.

लिहून ठेवणार: (सही) निवृत्त लिफ्ट-मेकॅनिक

साक्षीदार १: (सही) घरचे डॉक्टर. लिहिणाऱ्याचे मन स्थिर आहे. इंजिन पुलावरून जाताना नाडी एकशे दहा होती, ती नंतर उतरली.

साक्षीदार २: (सही) सुतार, लिहिणाऱ्याचा मेहुणा. सही करण्यापूर्वी दोन्ही बाजूंची पायरी मोजली. शून्य. ऑपरेशननंतरच्या रविवारी पुन्हा मोजायला येणार आहे. भावोजींनी हजर राहावे.